मुंडकेताईंची सही

मुंडकेताईंना कोणावर सूड उगवायचा असला, की त्या त्याचा कान कापत. फार नाही, पाळीचा खालचा कोपरा, किंवा वरच्या कडेची नखभर पट्टी. संगणकावर दोन टिचक्यांचे काम. मग ते मुंडके बॅनरवर चढे आणि आठवडाभर नाक्यावर लटके. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही त्यात काही वावगे दिसत नसे. ज्याचे मुंडके होते तो मात्र बॅनरखाली थांबून मान तिरकी करी, दोन पावले मागे जाई, पुन्हा पाही आणि काय बिघडले ते न कळून निघून जाई. "आपला कान फक्त आपल्यालाच कमी दिसतो, सर," मुंडकेताई म्हणत. "बाकीचे आपापला शोधत असतात."

भाईंदर पूर्वेला, इंद्रलोककडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे फ्लेक्सचे दुकान होते. आमचे म्हणजे शेठचे. मी तिथे मॅटर लिहीत असे. म्हणजे बॅनरवरचा मजकूर. मराठीत एम.ए. केलेल्या आणि कुठेच प्राध्यापकी न मिळालेल्या माणसाला 'कार्यसम्राट', 'धडाडीचे', 'आमचे प्रेरणास्थान' असे शब्द पुरवण्याचे काम मिळाले, याची तेव्हा मला लाज वाटत असे. आज लाज वेगळ्या गोष्टींची वाटते. माझ्या शेजारच्या टेबलावर मुंडकेताई बसत. वाढदिवसाच्या बॅनरवर मधोमध उत्सवमूर्ती, वरच्या रांगेत मोठे नेते आणि खाली बारीक आकारात शुभेच्छुक अशी रचना असते. लग्नाच्या, सहलीच्या, सत्यनारायणाच्या फोटोंतून ही सगळी डोकी मानेपासून सोडवून घेणे हे ताईंचे काम. दुकानात त्याला मुंडकी कापणे म्हणत, आणि त्यावरूनच त्यांचे नाव पडले. त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान होत्या. पण 'ताई'शिवाय त्यांना हाक मारण्याची कोणाची छाती नव्हती.

एकदा एका होतकरू भाऊंनी फोटोंचे पाकीट त्यांच्या टेबलावर भिरकावले आणि "ए पोरी, पटपट काप" म्हणून फोनवर बोलत निघून गेले. चार दिवसांनी तेच भाऊ दुकानात आले आणि बराच वेळ घुटमळले.

"ताई, ह्याच्यात मी जरा आजारी दिसतोय का?"

"नाही, भाऊ. उन्हात लावलाय ना, म्हणून वाटत असेल."

"शेठ, तुम्हाला काय वाटतं?"

"अरे भाऊ, एकदम हीरो लागो छो," शेठ म्हणाले.

भाऊंचे समाधान झाले नाही. त्यांनी दुप्पट मापाचा नवा बॅनर सांगितला. मुंडकेताईंनी त्यात दुसराही कान कापला आणि मला म्हणाल्या, "आता दोन्हीकडून सारखे झाले. उगाच अन्याय नको."

हे सुडाचे व्रत त्यांनी सातवीत घेतले होते. तेव्हा त्या मुंबईत राहत. चित्रकलेच्या मास्तरांनी त्यांचे चित्र एका स्पर्धेला धाडले, ते स्वतःच्या भाचीच्या नावाने. भाचीला कंपासपेटी मिळाली. हे सांगताना ताईंचा आवाज जराही चढला नाही. पोळीची गुंडाळी चावत त्या म्हणाल्या, "तेव्हापासून मी आधी सही करते, मग चित्र काढते." मला वाटले, ही बोलण्याची रीत असेल. नव्हती. कोऱ्या पानावर खाली उजवीकडे, अगदी कडेला त्या 'ज्योत्स्ना' अशी बारीक सही करत, शेवटच्या अक्षराचे शेपूट लांब ओढत आणि मगच वरच्या चौकटी आखत. माउसने ती जोडाक्षरे उमटवायला त्यांना एका चौकटीहून जास्त वेळ लागे.

त्या चौकटी म्हणजे त्यांची इंटरनेटवरची चित्रमालिका, 'शुभेच्छुक'. बॅनरच्या खालच्या रांगेतली मुंडकी रस्त्यावरची वर्दळ ओसरली की आपसांत बोलू लागतात, एवढीच कल्पना. कोणाचे डोके कोणापेक्षा बोटभर मोठे छापले, कोणाच्या नाकावर कबुतराने घाण केली, उद्या बॅनर उतरला की कोणाच्या झोपडीवर आपले छप्पर होणार, यावर ती भांडत. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ताई एक पान काढत आणि आपल्या ब्लॉगवर टाकत. वाचणारे फार नव्हते. पण कुठल्या कुठल्या देशांतली मराठी मुले खाली प्रतिक्रिया लिहीत. पहिला वाचक मीच. शेजारच्या खुर्चीवर असल्यामुळे तो मान मला आयता मिळाला होता, आणि मी तो फारसा चांगला निभावला नाही.

पहिली कुरापत माझी होती. दहीहंडीच्या एका मोठ्या बॅनरवर त्याच भाऊंच्या मेव्हण्याचे मुंडके राहून गेले. शुभेच्छुकांची यादी मी केली होती. पान उलटताना एक नाव माझ्याकडून सुटले. मेव्हणा माणसे घेऊन दुकानात आला आणि सरळ मुंडकेताईंच्या अंगावर गेला. "माझी मुंडी कुठेय? पूर्ण पाड्याच्या मुंड्या दिसतात, माझीच नाय दिसत?" शेठ मध्ये पडले. "ताई, भाऊनी माफी मांगी लो ना. वात खतम." माझ्या हस्ताक्षरातली यादी माझ्यासमोरच होती. मी चहाचा ग्लास उचलला आणि तिच्यावर ठेवला. ताईंनी हात जोडून माफी मागितली. हात खाली घेताना त्यांची नजर माझ्या ग्लासावर आली आणि तिथेच थोडी थांबली. मंडळी गेल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "सर, चहा गार झाला."

पुढे कित्येक दिवस मी बॅनरवर नसलेला माझा कान चाचपून पाहत होतो. काहीच घडले नाही. मला वाटले, त्या विसरल्या. किंवा त्यांच्या मनात माझ्यासाठी वेगळी जागा आहे. जागा वेगळी होती हे खरे.

एका सोमवारी 'शुभेच्छुक'मध्ये नवे पात्र आले. विशेषणराव. खांद्याला झोळी लावून तो बॅनरखाली येतो आणि मुंडक्यांना विशेषणे विकतो. मुंडकी त्याला विचारतात, "स्वतःच्या वडिलांच्या श्रद्धांजलीला कोणतं दिलंत?"

"मनमिळाऊ."

"होते का?"

"नव्हते. पण झोळीत तेवढंच उरलं होतं."

ही गोष्ट मी ताईंना कधीतरी डबा खाताना सांगितली होती. माझे वडील करडे, अबोल होते; घरात त्यांच्याशी कोणी मोकळेपणाने बोलल्याचे मला आठवत नाही. ते गेल्यावर आमच्या बिल्डिंगखाली लावायचा फ्लेक्स मीच लिहिला. दुकानात तयार असलेल्या साच्यात 'मनमिळाऊ' हा शब्द होता, आणि तो खोडून दुसरा घालण्याइतका मी माझ्या वडिलांना ओळखत नव्हतो. आयुष्यात हे मी एकाच माणसाजवळ बोललो होतो. शेठने ते पान दुकानात मोठ्याने वाचून घेतले आणि ठसका लागेपर्यंत हसले. मीही हसलो. "छान जमलंय," असे मी ताईंना म्हणालो. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी भांडेन, निदान रागावेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. आज वाटते, तेवढे केले असते तर हिशेब तिथेच मिटला असता. ज्याला रागावता येते त्याचा राग संध्याकाळपर्यंत संपतो. मी सौम्य बोलणारा माणूस म्हणून ओळखला जातो. माझा राग पडून राहतो आणि त्याला धार चढत जाते.

त्याच सुमारास मुंबईत कॉमिक्सचा एक मेळावा भरणार असल्याचे ताईंनी ब्लॉगवर वाचले. असा मेळावा आमच्या माहितीत पहिलाच. उपनगरातल्या एका शाळेचे सभागृह, चित्र काढणाऱ्या प्रत्येकाला एक टेबल आणि दोन खुर्च्या. ताईंनी चोवीस पाने निवडली आणि दुकानात पावतीपुस्तके छापत तसे शेठकडून पुस्तक छापून घ्यायचे ठरवले. मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःचे नाव घालू दिले नाही. "मोठ्या अक्षरात नावं टाकायची तर फ्लेक्स काय वाईट? पानापानावर सही आहे ना. ज्याला बघायचं तो बघेल." आणि मग, दुकानात कधी न ऐकलेल्या स्वरात म्हणाल्या, "सर, एकदा तरी कोणी माझ्यासमोर पान उलटेल आणि खालची सही वाचून विचारेल, ही तुम्हीच का? मला तेवढंच पाहिजे."

त्यांना काय हवे होते ते मला इतके स्पष्ट माहीत होते. म्हणूनच पुढचे मला करता आले.

पुस्तके पिना मारून झाली की कटिंग मशीनखाली तिन्ही बाजूंनी कापतात. ते काम त्या आठवड्यात माझ्याकडे होते. खालच्या कडेची खूण मी तीन मिलिमीटर आत सरकवली. चौकटींना धक्का लागला नाही; त्यांच्याखाली केसभर पांढरे उरले. गेली ती फक्त सही, आणि तीही प्रत्येक पानावरची. पाते खाली आले की कागदाच्या बारीक पट्ट्या जमिनीवर पडत, आणि प्रत्येक पट्टीत त्या लांब शेपटाचे तुकडे दिसत. मी दीडशे प्रती कापल्या. पट्ट्या गोळा करून पोत्यात भरल्या. त्या वेळी मला पश्चात्ताप झाला असे लिहिले तर ते चांगले दिसेल; पण झाला नाही. मला हलके वाटत होते. मी काहीतरी गुणगुणत होतो.

गठ्ठे बांधून ठेवले आणि हात धुवून आलो, तर ताई म्हणाल्या, "सर, शनिवारी याल का माझ्याबरोबर? दुसरी खुर्ची रिकामी राहील. मला लोकांशी नीट बोलता येत नाही. तुमचा आवाज चांगला आहे." मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण लागले असते.

शनिवारी शेठचा टेम्पो बॅनर पोहोचवायला त्या बाजूला जाणारच होता. त्यातून आम्ही गेलो. सभागृहात परदेशी वीरांच्या टोप्या आणि झगे घातलेली कॉलेजची मुले हिंडत होती. पुठ्ठ्याचे चिलखत घातलेल्या एकाला बसताच येईना. ताईंनी पेणकरपाड्याच्या त्यांच्या घरातली हिरवी चादर टेबलावर अंथरली, गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि वरच्या दहा प्रती न उघडता नीट मांडल्या. नवीन साडीची घडी कोणी लगेच मोडत नाही, तशा.

पहिले गिऱ्हाईक म्हणून दाढीवाला एक तरुण आला. त्याने चार पाने वाचली, हसला, पुढची चार वाचली. मग पुस्तक मागूनपुढून फिरवून म्हणाला, "मस्त है. बनाया किसने है? कहीं नाम नहीं है."

"आहे ना. खाली. हर पेज पे," ताई म्हणाल्या.

त्याने पान पुढे केले. ताईंनी पुस्तक हातात घेतले. एक पान उलटले, दुसरे उलटले, मग शांतपणे चोवीसही. मग दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली. शेवटी पुस्तक मिटून त्यांनी खालच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"सर, कटिंग तुम्ही केलंत ना?"

"हो."

"सगळ्या प्रती अशाच?"

"सगळ्या."

मशीन सरकले, असे मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. त्या सबंध प्रकरणात माझ्या बाजूने दाखवता येईल असे तेवढेच आहे.

ताईंनी पुस्तक चादरीवर ठेवले. मला वाटले, त्या रडतील किंवा चादर गोळा करून उठतील. त्यांनी पर्समधून काळे पेन काढले, दाढीवाल्याच्या प्रतीचे पहिले कोरे पान उघडले आणि त्याला म्हणाल्या, "दोन मिनट रुकना. साइन रह गया है." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, हलू नका."

त्यांनी आधी सही केली. मग तिच्यावर माझे डोके काढले. मानेवर सफाईने कापलेले.

"ये कौन है?" तरुणाने विचारले.

"ये? इन्होंने कटिंग किया है."

त्याने पुस्तकाची कड न्याहाळली, मग मला न्याहाळले. "कटिंग एकदम साफ है, अंकल," तो मनापासून म्हणाला.

दिवसभर हेच चालले. त्याने आपली प्रत मित्रांना दाखवली आणि आमच्या टेबलासमोर रांग लागली. प्रत्येकाला ते डोके हवे होते. ताईंना लोकांशी बोलता येत नाही हे खोटे ठरले; त्यांना एक वाक्य पुरले. "यांनी कटिंग केलंय." आणि प्रत्येक जण माझ्याकडे पाहून हसे, कोणी हात मिळवी. एका आजींनी विचारले, "तुमचे मिस्टर का?" ताई म्हणाल्या, "नाही हो, आजी. हे आमचे शुभेच्छुक." मी पाणी प्यायला उठलो तर त्या मान न वळवता म्हणाल्या, "बसा, सर. अजून खूप जण आहेत." मी बसलो. मला कोणी बांधून ठेवले नव्हते. उठून गेलो असतो तर रांगेतल्या कोणाला कळलेही नसते. आम्हा दोघांना कळले असते.

दुपारी मी धीर करून एका मुलीच्या हातातल्या प्रतीत डोकावलो. मला कापलेला कान अपेक्षित होता. दोन्ही कान पूर्ण होते. ताईंनी माझे काहीही कमी केले नव्हते, काही वाढवलेही नव्हते. मशीनचे पाते खाली येत असताना जो चेहरा कोणीही पाहिला नव्हता, तो तिथे होता; गुणगुणणाऱ्या माणसाचा. इतरांची त्या चेष्टा करत. मला त्यांनी अचूक काढले.

आणि शेवटच्या गठ्ठ्याच्या वेळी पुण्याहून आलेल्या एका बाईंनी सहीवर बोट ठेवून विचारले, "ज्योत्स्ना म्हणजे तुम्हीच का?" या बाई मुलांसाठी पुस्तके प्रकाशित करत. ताई "हो" म्हणाल्या आणि पेनाचे टोपण शोधू लागल्या. ते त्यांच्या हातातच होते.

परतताना टेम्पोत चादरीची घडी त्यांच्या मांडीवर होती. काशिमीरा आले. मग मी म्हणालो, "ताई, माझं चुकलं. मला तुमची..."

"नको, सर." त्यांनी हात वर केला. "माफी मागू नका."

"का?"

"मागितलीत तर मला सोडून द्यावं लागेल तुम्हाला." त्या समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होत्या. "आणि मला अजून सोडायचं नाही."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "वडिलांचं मीही काढायला नको होतं. पण मी पण मागणार नाही. तुम्हीही धरून ठेवा."

तीन महिन्यांनी ताई त्या बाईंकडे काम करायला पुण्याला गेल्या. शेठने निरोपाचा फ्लेक्स छापायचा आग्रह धरला, तो त्यांनी ऐकला नाही. जाताना माझ्या टेबलाशी थांबून "येते, सर" म्हणाल्या, जशा रोज संध्याकाळी म्हणत. त्यानंतर आमची भेट नाही.

पुस्तके मात्र येत राहिली. दर दोन-तीन वर्षांनी दुकानाच्या पत्त्यावर कुरियर येई. मुलांसाठी काढलेले एखादे चित्रांचे पुस्तक, आणि पहिल्या पानावर सहीच्या वर माझे डोके. सोबत चिठ्ठी नसे. दर वेळी डोके थोडे म्हातारे असे. केस मागे गेले, डोळ्यांखाली पिशव्या आल्या, आणि मला चष्मा लागला त्याच वर्षी तिथेही चष्मा आला. त्या मला पाहत नव्हत्या; मी कसा होत जाईन हे त्यांना ठाऊक होते. ती डोकी मी कोणाला दाखवली नाहीत. पण अप्रामाणिकपणाचा एखादा लहानसा मोह समोर आला, यादीतले नाव सुटले किंवा दुसऱ्यावर ढकलता येण्याजोगी चूक झाली, की पुढच्या पुस्तकात आपला चेहरा कसा येईल असा विचार मनात येई. आणि मी ग्लास उचलून बाजूला ठेवी. वडिलांनीही माझ्यावर इतकी वर्षे लक्ष ठेवले नव्हते.

गेल्या वर्षी मी चौपन्नचा झालो आणि मला धीर धरवेना. मला मोकळे व्हायचे होते. ताईंनी नको म्हटलेले असूनही मी त्यांना पत्र लिहिले. यादीचे, ग्लासाचे, तीन मिलिमीटरचे, पोत्याचे, गुणगुणण्याचेही. चार वेळा लिहून फाडले. पाचव्यात एकही विशेषण नव्हते. शेवटी लिहिले, 'मला माफ करा,' आणि ते पोस्टात टाकले.

उत्तर आले नाही. दिवाळीनंतर कुरियर आले. नवे पुस्तक होते, जाड, सुंदर बांधणीचे. मी दुकानात एकटाच होतो. पहिले पान उघडले. खाली उजवीकडे 'ज्योत्स्ना', लांब शेपटाची, पूर्ण सही. वर काहीच नव्हते.

मी पान उजेडात धरून पाहिले. मग उलटून पाहिले. मागची बाजूही कोरी होती.